दोन महिने आणि दोन दिवस : जपान जिम्नॅस्टिक्स संघटनेला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व पदाधिकारी,
जपान जिम्नॅस्टिक्स संघटना, टोकियो

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण पोटातलं बोलायचं तर मला हीच भाषा येते. तुमच्यापर्यंत ते पोहोचवायला कुणीतरी भाषांतर करणारं भेटेल. नाही भेटलं तरी इथल्या मुली, त्यांचे आईवडील आणि माझ्यासारखे शिकवणारे ते वाचतील, आणि त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

मी पुण्यात 26 वर्षं मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. माझ्या वर्गातून कुणी ऑलिंपिकला गेलेलं नाही. पण जपानी मुलींचे व्हिडिओ लावून आम्ही शिकलो आणि शिकवलं. मिटलेले गुडघे, टोकापर्यंत ताणलेली पावलं, लँडिंगनंतर एक पाऊलही न हलणं, हे सगळं दाखवायचं झालं की मी नेहमी म्हणते, "बघ, जपानच्या मुली बघ." त्या अर्थाने तुमचं आमच्यावर ऋण आहे, आणि त्या ऋणाच्याच हक्काने हे लिहिते.

विषय शोको मियाताचा आहे.

19 जुलै 2024, शुक्रवार. इथे पाऊस लागला होता. पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये मॅटना ओलसर वास येतो आणि हाताला लावायच्या पावडरचे गोळे होतात. संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर एका पालकांनी मोबाइल पुढे केला. तुमची पत्रकार परिषद होती. गडद सूट घातलेली मोठी माणसं उभी राहिली, कमरेत वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. तेव्हाचे अध्यक्ष तादाशी फुजिता त्यांत होते. पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन बरोबर एका आठवड्यावर आलेलं, आणि महिला संघाची कर्णधार संघातून बाहेर. मोनाकोच्या सराव शिबिरातून तिला परत बोलावलं होतं आणि आदल्याच दिवशी ती जपानमध्ये उतरली होती. कारण काय, तर जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीच्या दिवसांत तिने टोकियोत एका खासगी ठिकाणी एकदा सिगारेट ओढली, आणि राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात एकदा दारू घेतली. वय 19. जपानमध्ये दोन्हींसाठी 20 पूर्ण लागतात.

मोबाइल बघणाऱ्या पालकांनी विचारलं, "म्हणजे आता ती खेळणारच नाही?" मला उत्तर देता आलं नाही. हॉलमध्ये दोन मुली अजून बीमवर होत्या. त्यांना मी आवाज न चढवता खाली उतरायला सांगितलं आणि दिवे घालवले.

आमच्याकडे मियाताचं नाव फार लोकांना माहीत नाही. ते त्या आठवड्यात कळलं, आणि तेही सिगारेटसोबत. म्हणून आधी तिच्याबद्दल थोडं सांगते, तुम्हाला नव्हे, माझ्या वाचकांना.

शोकोचा जन्म 21 सप्टेंबर 2004 चा. तिची जडणघडण झाली फुकुई प्रांतातल्या साबाए गावात. साबाए चष्म्यांच्या फ्रेमसाठी ओळखलं जातं, आणि जिम्नॅस्टिक्ससाठीही. 1995 ची जागतिक स्पर्धा याच गावात झाली. एका लहान शहराने अख्ख्या जगाचे खेळाडू बोलावले, आणि त्यानंतर 9 वर्षांनी जन्मलेली ही मुलगी तिथल्या शाळेत शिकत, तिथल्या हॉलमध्ये पडत-उठत मोठी झाली. पुढे जुन्तेन्दो विद्यापीठात गेली. एनएचके चषक म्हणजे जपानच्या संघनिवडीतली सर्वांत कसोटीची स्पर्धा. ती तिने 2022, 2023 आणि 2024 अशी ओळीने तीनदा जिंकली. 2022 मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत बीमवर कांस्य मिळवलं. त्याच बीमवर सुवर्ण होतं हाझुकी वातानाबेचं, म्हणजे एका पोडियमवर दोन जपानी मुली. मी माझ्या मुलींना ती फायनल पुन्हा पुन्हा दाखवली आहे.

बीम म्हणजे काय हे ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. 5 मीटर लांब, जमिनीपासून 125 सेंटीमीटर उंच, आणि रुंदी फक्त 10 सेंटीमीटर. आपल्या तळहाताएवढी म्हणा ना. त्यावर उलटी उडी मारायची, हवेत असताना बीम दिसत नाही, आणि पाय मात्र नेमके तिथेच टेकवायचे. 13-14 वर्षांच्या मुलीला हे पहिल्यांदा करायला लावताना मी बाजूला हात धरून उभी असते. माझे तळवे तेव्हा तिच्यापेक्षा जास्त घामेजलेले असतात. एखादी मुलगी हे जगासमोर करून पदक आणते तेव्हा त्यामागे किती हजार वेळा पडणं असतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

आता जपानच्या मुलींवर कसलं ओझं असतं त्याबद्दल. तुमच्या पुरुषांचा इतिहास सुवर्णपदकांनी भरलेला आहे. मुलींचा तसा नाही. केइको तानाकाने, पुढच्या केइको इकेदांनी, 1954 मध्ये रोमला बीमवर जागतिक सुवर्ण जिंकलं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये संघाला कांस्य मिळालं, त्या संघातही त्या होत्या. मग दीर्घ दुष्काळ. 2009 मध्ये लंडनला कोको त्सुरुमीने जागतिक स्पर्धेत दोन पदकं मिळवली तेव्हा आम्ही इथे पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि मग आली माई मुराकामी. 2017 मध्ये माँट्रियलला ती फ्लोअरवर जगज्जेती झाली, तानाकांच्या सुवर्णानंतर 63 वर्षांनी.

मुराकामीची गोष्ट मी थोडी लांबवणार आहे, कारण मियाताच्या गोष्टीचं मूळ मला तिथे दिसतं. माँट्रियलला मुराकामी सर्वसाधारण प्रकाराच्या, म्हणजे चारही साधनांच्या एकूण गुणांच्या, पात्रता फेरीत पहिली होती. अंतिम फेरीत बीमवरून पडली आणि चौथी आली. दोन दिवसांत सावरून फ्लोअरचं सुवर्ण घेतलं. 2018 ला दोहात सिमोन बाइल्सच्या मागे सर्वसाधारण रौप्य. 2019 मध्ये पाठीने दगा दिला आणि जागतिक स्पर्धेच्या संघात तिचं नाव नव्हतं. 2020 च्या फेब्रुवारीत आई गेली. टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकललं गेलं. आणि 2021 मध्ये, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर, संघाची कर्णधार म्हणून ती उतरली तेव्हा लोक तिला समाजमाध्यमांवर नको ते लिहीत होते, कारण साथीच्या काळात ऑलिंपिक नकोच असं अनेकांचं मत होतं आणि राग काढायला समोर एक मुलगी होती. त्या शेऱ्यांबद्दल पत्रकारांशी बोलताना तिला रडू आवरलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी तिने फ्लोअरवर 14.166 गुणांनी कांस्य मिळवलं, रशियाच्या मेल्निकोवासोबत विभागून. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली जपानी महिला जिम्नॅस्ट. 1964 नंतर 57 वर्षांनी मुलींना मिळालेलं पहिलं पदक. ऑक्टोबरमध्ये कितक्युशूला पुन्हा फ्लोअरची जगज्जेती झाली आणि तिथेच थांबली.

ती थांबली, आणि तिच्या जागी कोण? 2022 मध्ये एनएचके चषक जिंकला शोकोने, वय 17. तिथपासून पॅरिसपर्यंत जपानच्या मुलींच्या संघाचा भार हळूहळू तिच्या अंगावर सरकत गेला. पॅरिससाठी निवडलेल्या पाचही मुली 20 वर्षांच्या आतल्या होत्या. पाचही जणींचं पहिलं ऑलिंपिक. 19 वर्षांची शोको त्यांत सर्वांत मोठी, म्हणून कर्णधार. तिच्यावर दडपण होतं हे तुमच्याच पत्रकार परिषदेत सांगितलं गेलं. ते ऐकून मला वाटलं होतं, आता पुढचं वाक्य येईल, की हे दडपण आम्ही वेळेत ओळखलं नाही म्हणून जबाबदारी आमची, आणि मुलगी खेळणार. ते वाक्य आलं नाही.

इथे मला तुमच्याच देशाच्या कायद्याबद्दल बोलायचं आहे, कारण सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं पण तो उघडून फार कमी लोकांनी पाहिला.

20 वर्षांखालच्या मुलांच्या धूम्रपानाला बंदी घालणारा कायदा जपानमध्ये 1900 साली झाला. शो नेमोतो नावाचे एक खासदार त्यासाठी झगडले. 20 वर्षांखालच्यांना दारू न देण्याचा कायदाही त्यांनीच लावून धरला, तो 1922 ला झाला. पुढे 2022 च्या एप्रिलपासून जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय 20 वरून 18 वर आलं. म्हणजे शोको स्वतःच्या सहीने घर भाड्याने घेऊ शकत होती, लग्न करू शकत होती. सिगारेट आणि दारूची अट मात्र 20 चीच राहिली. ती राहावी, मला त्यात काही गैर वाटत नाही.

पण त्या कायद्यात लिहिलंय काय? मुलाने सिगारेट ओढली तर ती जप्त करायची. मुलाला शिक्षा नाही. दंड आहे तो माहीत असून न अडवणाऱ्या पालकाला, आणि विकणाऱ्या दुकानदाराला. दारूच्या कायद्याचा रोखही तोच, मोठ्यांकडे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांना एवढं कळत होतं, की कोवळ्या वयाच्या मुलाच्या हातात हे आलं तर आधी आजूबाजूच्या मोठ्यांना जाब विचारायचा. तुमच्या निर्णयाने हे नेमकं उलटं केलं. मोठी माणसं कॅमेऱ्यासमोर वाकली आणि आपापल्या जागी राहिली. घरी गेली ती 19 वर्षांची मुलगी.

आणि ती दारू तिने घेतली कुठे? राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात. ज्या इमारतीत तिच्या झोपेपासून जेवणापर्यंत सगळ्यावर मोठ्यांची नजर असते, तिथे. त्या रात्री तिच्यासोबत बोलणारं, तिच्या दारावर टकटक करणारं मोठं माणूस कोण होतं, हा प्रश्न मला त्या पत्रकार परिषदेत कुठेच ऐकू आला नाही.

सिगारेट वाईटच. माझ्या वर्गातल्या मुलीने ओढली असं कळलं तर मला रात्रभर झोप लागणार नाही. नियम मोडला हेही खरं, तिने स्वतः ते मान्य केलं. राष्ट्रीय संघाची आचारसंहिता असते, त्यावर सही असते, लोकांच्या पैशावर संघ जातो, बाकी खेळाडू शिस्त पाळतात. हे सगळं मला मान्य आहे. जपानमध्येच अनेकांनी तुमचा निर्णय योग्य ठरवला, आणि अनेकांनी तो फार कठोर म्हणून सांगितलं. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पहिल्या बाजूच्या लोकांना मी वेडं समजत नाही. मी त्यांना एकच विचारेन. नियम मोडल्यावर ताकीद असते, कर्णधारपद काढणं असतं, पुढच्या स्पर्धेतून बंदी असते, समुपदेशन असतं. या सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट शेवटच्या पायरीवर का गेलात? चार वर्षांतून एकदा येणारं ऑलिंपिक एका सिगारेटला आणि एका पेल्याला मोजून दिलंत.

तारीख बघा. 19 जुलैला तुम्ही घोषणा केलीत. 21 सप्टेंबरला ती 20 वर्षांची होणार होती. दोन महिने आणि दोन दिवस. तिच्यापेक्षा जेमतेम 11 महिन्यांनी मोठा, तुमच्या पुरुष संघातला शिन्नोसुके ओका त्याच पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन आला, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तो 20 वर्षांचा झालेला होता, ती व्हायची होती.

तुमच्याकडून असं सांगण्यात आलं की तिने स्वतःहून माघार घेतली. हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. खोलीत एका बाजूला संघटनेची मोठी माणसं, प्रशिक्षक, नियमांचे कागद, आणि दुसऱ्या बाजूला विमानातून उतरलेली, न झोपलेली 19 वर्षांची मुलगी. ती काय म्हणणार होती? "नाही, मी खेळणार"? आमच्याकडेही मुलींना लहानपणापासून मोठ्यांसमोर मान खाली घालायला शिकवतात. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ होकार असा लावणं मोठ्यांना फार सोयीचं जातं.

आणि त्या चौघी. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत पाच जणींच्या संघातून प्रत्येक साधनावर चार जणी खेळतात आणि चांगले तीन गुण धरतात. पाच जणी असल्या की एकीला कुठेतरी दम खाता येतो, एखादी फक्त आपल्या बळाच्या साधनावर उतरते. पाचवीच नसेल तर? चौघींनी चारही साधनांवर उतरायचं, व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर, एकीलाही सुट्टी नाही, दुखत असलं तरी नाही. रिना किशी, हारुका नाकामुरा, माना ओकामुरा, कोहाने उशिओकू. 28 जुलैला बर्सी अरेनात या मुली तशा उतरल्या. किशी 16 वर्षांची होती. त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि तिथे आठव्या आल्या. अंतिम फेरीत तर तिघी खेळतात आणि तिघींचेही गुण धरले जातात, एकही चूक पोटात घालता येत नाही. शिक्षा शोकोला दिलीत, पण तिचा चौथा हिस्सा प्रत्येकीने भरला. मी आठवा क्रमांक बघून टाळ्या वाजवल्या. मला तो पदकाहून कमी वाटला नाही.

तुम्हाला 2018 आठवतच असेल. साए मियाकावा तेव्हा 18 वर्षांची होती, रिओ ऑलिंपिक खेळलेली. तिच्या प्रशिक्षकावर मारहाणीबद्दल बंदी आली, आणि ती कॅमेऱ्यांसमोर बसून संघटनेतल्या वरिष्ठांच्या दबावाबद्दल बोलली. त्यावर बाहेरच्या लोकांची समिती नेमावी लागली. समितीने त्याला अधिकाराच्या जोरावर केलेला छळ म्हटलं नाही, पण वागणं अनुचित होतं असं म्हटलं. 2020 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने जपानमधल्या बालखेळाडूंना होणाऱ्या मारहाणीवर आणि छळावर मोठा अहवाल काढला. एवढं सगळं झाल्यावर 2024 मध्ये पुन्हा एक कोवळी मुलगी बातम्यांच्या मथळ्यात उभी राहिली आणि मोठी माणसं वाकून मोकळी झाली. सहा वर्षांत तुमच्याकडे मुलींचं ऐकून घेणारं, निवड समितीशी संबंध नसलेलं माणूस का बसलं नाही?

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. तुम्हाला जाब विचारायचा तर मी आधी स्वतः उभं राहायला हवं.

14 वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेच्या आधी आमचं शिबिर होतं. माझी कर्णधार 16 वर्षांची होती. नाव लिहीत नाही. स्पर्धेला दोन दिवस होते आणि ती रात्री न सांगता शिबिरातून निघून गेली. साडेअकराला परत आली. विचारल्यावर म्हणाली, औषध आणायला गेले होते. खोटं होतं. चुलत बहिणीची हळद होती, तिकडे गेली होती. तिच्या कानामागे हळदीचा पिवळा डाग राहिला होता, तो मला दिसला. सकाळी सहा मुलींसमोर मी तिला म्हटलं, "सामान बांध." वडील पहाटेच्या एसटीने आले, रजिस्टरमध्ये सही केली, एक शब्द बोलले नाहीत. ती नळाखाली हात धुवत होती. ती पावडर तळहाताच्या रेषांमध्ये जाऊन बसते, लवकर निघत नाही. ती बराच वेळ धूत होती. मला अजून तो नळाचा आवाज आठवतो.

पालकांनी माझं कौतुक केलं. शिस्त असावी तर अशी, म्हणाले. मलाही बरं वाटलं. ती मुलगी परत कधी आली नाही. आम्ही त्या स्पर्धेत काय केलं ते आज मला आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी ती मंडईत भेटली, कडेवर मुलगा. मी तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "ताई, घरी पाठवलंत त्याचं नाही हो काही. पण मी का गेले होते ते तुम्ही विचारलंच नाहीत." त्या बहिणीशीच ती सगळं बोलायची. शिबिरात तिच्या पोटात भीतीने कळ यायची, जेवण जायचं नाही, आणि हे सांगायला मी होते, पण संघ निवडणारीही मीच होते. मला सांगून ती संघातली जागा घालवणार होती का? म्हणून ती बहिणीकडे गेली, सासरी जाण्याआधी एकदा भेटायला.

त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये एक बाई येतात. त्या जिम्नॅस्टिक्समधल्या नाहीत, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. शनिवारी येऊन बाकावर बसतात, मुली त्यांच्याजवळ जाऊन बोलतात. काय बोलतात ते मला कळत नाही, आणि कळू नये असंच आमचं ठरलं आहे. एवढ्या साध्या गोष्टीने आमच्याकडे तीन मुली खेळ सोडता सोडता थांबल्या, असं त्यांच्याच आयांनी मला सांगितलं. तुमच्याकडे पैसा आहे, विद्यापीठं आहेत, क्रीडा मानसशास्त्राचे जाणकार आहेत. तुम्हाला हे आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करता येईल.

आपल्या खेळाच्या नियमपुस्तकात बीमवरून पडल्यावर काय होतं? एक गुण कापतात. आणि परत चढायला 10 सेकंद देतात. एक गुण फार मोठा असतो, त्याने पदकं जातात, मुराकामीचं गेलंच. पण 10 सेकंद मिळतात. त्या 10 सेकंदांत मुलगी हाताला पावडर लावते, श्वास घेते, बीमवर हात टेकते आणि चढते, आणि पुढची कसरत मोजली जाते. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना पडणं म्हणजे काय हे ठाऊक होतं. शोकोचा गुण कापायला हवा होता. तो किती कापायचा यावर आपण वाद घालू शकलो असतो. तुम्ही तिला परत चढूच दिलं नाहीत.

मी तुमच्याकडे काय मागते ते स्पष्ट लिहिते. आचारसंहितेच्या भंगाला कोणती शिक्षा, किती, हे चढत्या पायऱ्यांनी लिहून जाहीर करा, म्हणजे ऑलिंपिकच्या एक आठवडा आधी बंद खोलीत कुणाचं आयुष्य ठरणार नाही. 20 वर्षांखालच्या खेळाडूबाबत चौकशी असेल तर तिच्या बाजूने बोलणारं, संघटनेच्या पगारावर नसलेलं एक माणूस त्या खोलीत असू द्या. शिबिरात मुलींचं ऐकायला असं कुणीतरी ठेवा ज्याच्या हातात निवडीची यादी नाही. संघात सगळ्या मुली पंचविशीच्या आतल्याच असतील तर सर्वांत मोठीला कर्णधार करून मोकळे होऊ नका, तिच्यासोबत एक जुनी खेळाडू द्या, मुराकामीसारखी, जिने ते ओझं वाहिलेलं आहे. आणि पुढे कधी असं झालंच तर ज्या मोठ्यांच्या देखरेखीखाली ते झालं त्यांचीही नावं त्याच कागदावर लिहा.

आणखी एक. शोकोला तुम्ही जाहीरपणे परत पाठवलंत, तर जाहीरपणे हेही सांगा की ते प्रकरण संपलं. ती पुन्हा कधी चुकली, एखाद्या स्पर्धेत बीमवरून पडली, तर कुणी वर्तमानपत्र जुलै 2024 काढेल. तेव्हा तुमच्या संघटनेतून एक माणूस उठून म्हणायला हवा, की आज तिचे बीमचे गुण मोजा.

2028 ला लॉस एंजेलिस आहे. तेव्हा ती 23 वर्षांची असेल. तिचं नाव यादीत असलं तर ते गुणांवर असावं, नसलं तरी ते गुणांवरच ठरावं.

तुमच्या उत्तराची वाट पाहते. जपानीत लिहिलंत तरी चालेल, वाचून घेईन.

आपली,
मुलींची एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक
पुणे